शत्रूची ठेव

मोहन्याच्या काठाने वाहणारी उल्हास नदी कल्याणच्या खाडीला लागते, ठाण्याच्या वरच्या अंगाने वळसा घेते आणि वसईपाशी समुद्राला मिळते. आज हे सगळे पाणी एकाच महानगराच्या पोटातून जाते. सतराव्या शतकात मात्र याच पाण्यावर दोन सत्ता एकमेकींकडे डोळे लावून बसल्या होत्या. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली तेव्हा ठाणे, साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडे होती, आणि चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत हा मुलूख जिंकला जाईपर्यंत तिथे त्यांचाच अंमल राहिला. या शेजाराची सुरुवातच गमतीची आहे. महाराजांनी कल्याण-भिवंडीला जहाजे बांधायला घेतली, ती रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज माणसाच्या देखरेखीखाली. हे आरमार उद्या आपल्याच अंगावर येईल हे वसईच्या अधिकाऱ्यांना उमगले तेव्हा त्यांनी ही कारागीर मंडळी हळूच फोडून परत नेली. शेजाऱ्याशी वैर आणि शेजाऱ्याशी व्यवहार या दोन गोष्टी पाळीपाळीने येतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्या एकाच धक्क्यावर, एकाच वेळी चालू असतात.

म्हणूनच दोन शेजारी सत्तांनी वैर मिटवले, वकिलाती उघडल्या, व्यापार सुरू केला, म्हणजे नेमके काय घडले हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. आधी झालेल्या अन्यायाचे त्या दिवशी काय होते? त्याची क्षमा होते का? झाली तर ती कोणी केली, आणि करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? राजकारणी माणूस म्हणेल की राज्यांच्या व्यवहारात क्षमाबिमा नसते, हितसंबंध असतात. धर्मनिष्ठ माणूस म्हणेल की क्षमेवाचून समेट म्हणजे नुसते सोंग. मला दोघांचेही पटत नाही. राज्याला क्षमा करता येत नाही, कारण जखम त्याच्या अंगावर झालेली नसते. पण म्हणून राज्याचा समेट नीतीच्या बाहेर पडतो असेही नाही. राज्याच्या आवाक्यात एक नैतिक कृत्य नक्की आहे: देणे फेडणे. या म्हणण्याची परीक्षा घ्यायला मराठी माणसाला दूर जावे लागत नाही. गोवा आहे.

हकिगत थोडक्यात अशी. गोव्याबाबत बोलणी करायला पोर्तुगाल तयार होईना, तेव्हा भारताने १९५३ मध्ये लिस्बनमधली वकिलात बंद केली. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. त्यांत सुधीर फडके होते. पुढच्याच वर्षी आकाशवाणीवरून गीतरामायण घरोघर पोहोचवणारे हे संगीतकार त्या आधी सशस्त्र मुक्तिसंग्रामात उतरले होते, हे आज अनेकांना ठाऊकही नसते. १९५५ मध्ये ना. ग. गोरे, सेनापती बापट, मधु लिमये यांच्यासारखे सत्याग्रही सीमा ओलांडून गेले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. १५ ऑगस्टला निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच महिन्यात उरलेसुरले संबंधही तुटले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने ते मान्य केले नाही, आणि पुढची तेरा वर्षे दोन देश एकमेकांशी बोलत नव्हते. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, दिल्लीत तह झाला. पोर्तुगालच्या वतीने परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश यांनी सही केली आणि भारताच्या वतीने तेव्हाचे आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. पोर्तुगीज भाषा आणि संस्कृती, ऐतिहासिक व धार्मिक वास्तू यांच्या जतनाची बोलणी ठरली; मालमत्तेचे आणि येण्या-देण्याचे दावे दोघांनी बसून सोडवायचे ठरले. क्षमेची भाषा त्या कलमांत नाही. हा कोरडेपणा अनेकांना खटकेल. मला तोच त्या तहाचा गुण वाटतो.

का वाटतो हे सांगायला महाभारताच्या शांतिपर्वात जावे लागेल. तिथे भीष्म युधिष्ठिराला पूजनी पक्षिणीची गोष्ट सांगतो. कांपिल्य नगरीत ब्रह्मदत्त राजाच्या वाड्यात पूजनी राहत असे. तिला पिल्लू झाले आणि राणीला मुलगा झाला. समुद्रकाठाहून ती दोन फळे आणी, एक आपल्या पिल्लासाठी, एक राजपुत्रासाठी. एके दिवशी खेळता खेळता त्या मुलाने पिल्लाला मारून टाकले. पूजनीने राजपुत्राचे डोळे फोडले आणि ती निघाली. राजा तिला म्हणाला, आमच्याकडून अपराध झाला, तू त्याचा बदला घेतलास, दोन्ही बाजू सारख्या झाल्या. आता जाऊ नकोस, इथेच राहा. पूजनी राहिली नाही. एकदा वैर झालेल्या घरात विश्वासाने राहणे मूर्खपणाचे, हे ती राजाला बराच वेळ समजावते आणि उडून जाते. या गोष्टीचा अर्थ बहुधा राजनीतीचा धडा म्हणून लावला जातो: दुखावलेल्यावर विश्वास ठेवू नये. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती राजाच्या बोलण्यात आहे. डोळे राजपुत्राचे गेले आणि फिटंफाट मात्र राजा करतो आहे. आंधळ्या झालेल्या मुलाला त्याने विचारलेले नाही. पिल्लू तर विचारण्यापलीकडे गेले. राजा ज्या हिशेबावर रेघ ओढतो आहे त्यात त्याच्या स्वतःच्या खात्यातले फारसे काही नाही. प्रत्येक शांततेच्या करारात हा राजा कुठेतरी बसलेला असतो. चव्हाणांनी १९७४ मध्ये ‘आम्ही क्षमा केली’ असे लिहून दिले असते, तर ते ब्रह्मदत्तासारखेच झाले असते. गोळी खाल्लेल्या सत्याग्रह्याच्या वतीने, किंवा मोहन रानड्यांसारख्या १९५५ पासून १९६९ पर्यंत तुरुंगात राहिलेल्या, त्यातली बरीच वर्षे थेट पोर्तुगालमध्ये काढलेल्या माणसाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार परराष्ट्र खात्याला नव्हता. त्यांनी तो घेतला नाही.

आता दुसरी बाजू. क्षमा करता येत नाही हे मान्य, पण क्षमा मागायला तर हवी होती, असा आक्षेप येईल. त्याच्या मुळाशी खरी वेदना आहे. पण सही करणारा हात कोणाचा होता ते पाहा. सोआरेश हे सालाझारच्या राजकीय पोलिसांनी, म्हणजे ‘पीडे’ने, पुनःपुन्हा तुरुंगात टाकलेले वकील. १९६८ मध्ये त्यांना साओ तोमे बेटावर हद्दपार केले होते, नंतर फ्रान्समध्ये परागंदा व्हावे लागले. गोव्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मागे लागलेली आणि सोआरेशांच्या मागे लागलेली यंत्रणा एकच होती. अशा माणसाने त्या यंत्रणेच्या पापाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करायचा म्हणजे काय करायचे? वाल्या कोळ्याची गोष्ट महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही येते. ज्यांच्यासाठी तो वाटमारी करत होता त्या बायकामुलांनी पापाची वाटणी घ्यायला साफ नकार दिला, आणि त्या नकारानेच तो जागा झाला. पाप वाटून घेता येत नाही, वारशानेही येत नाही. पण त्याच घरात लुटीचा हंडा पुरलेला असता आणि ज्याचा तो होता तो दारात येऊन उभा राहिला असता, तर ‘पाप बाबांचे, हंडा आमचा’ असे म्हणायची सोय त्या बायकामुलांना नव्हती. धर्मशास्त्राने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. बापाचे कर्ज मुलाने फेडायचे. त्याच्या दारूचे आणि जुगाराचे देणे मात्र मुलाच्या माथी मारायचे नाही. ऋण वारसाने येते, अपराधीपण येत नाही. सोआरेश सालाझारचे पाप स्वीकारू शकत नव्हते, पण त्यांच्या देशावर सालाझारच्या काळातले देणे होते, आणि ते कशाचे होते हे गोव्यात घरोघर ठाऊक होते.

ते देणे सोन्याचे होते. बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या गोव्यातल्या शाखेत अनेक गोवेकरांनी अडीअडचणीला दागिने गहाण ठेवले होते. भारतीय सैन्य येणार अशी चिन्हे दिसताच १९६१ मध्ये बँकेने ते सोने लिस्बनला हलवले. राज्य गेले, बँक गेली, आणि कोणाच्या मंगळसूत्राची, कोणाच्या पाटल्यांची पावती तेवढी घरातल्या पेटीत राहिली. १९७४ च्या तहातल्या मालमत्तेच्या कलमाला खरा अर्थ येतो तो इथे. त्या कलमाला फळ यायला पुढची १७ वर्षे लागली. १९९१ मध्ये ते सोने भारतात परत आले आणि स्टेट बँकेच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९९२ ला, सोआरेश पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष म्हणून प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते. या दोन घटनांपैकी वर्तमानपत्रात मोठी जागा दुसरीला मिळाली असणार. नैतिकदृष्ट्या मोठी पहिली आहे. राजपथावरच्या पाहुणचारात दोन राज्यांनी एकमेकांचा मान राखला. सोन्याच्या परतीत एका राज्याने दुसऱ्या राज्यातल्या सामान्य बाईचा हक्क मान्य केला, आणि तोही ती आपली प्रजा राहिली नसताना.

इथे वेगवेगळे धर्म फारच जवळ येतात. मनुस्मृतीने न्यायालयात येणाऱ्या वादांचे अठरा विषय सांगितले आहेत. त्यांत पहिला कर्जाचा आणि लगेच दुसरा निक्षेपाचा, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचा. गोव्यातल्या कॅथलिक माणसाला त्याचे धर्मशिक्षण सांगते की चोरीच्या पापाची कबुली धर्मगुरूसमोर दिली, तरी चोरलेली वस्तू परत करण्याची जबाबदारी सुटत नाही. आमच्या कल्याण-भिवंडीतला मौलवी सांगेल की अल्लाहच्या हक्कात झालेली कसूर अल्लाह माफ करील, पण बंद्यांच्या हक्कात, हुकूकुल इबादमध्ये, झालेली कसूर ज्याचा हक्क बुडाला त्याच्याशीच मिटवावी लागते. ईश्वर, मोक्ष, परलोक यांबद्दल या तिघांचे जमत नाही. पण मधल्या मोठ्या माणसाने परस्पर फिटंफाट करू नये याबद्दल जमते. मग राज्याने ती करावी असे कोणत्या धर्माच्या आधारे म्हणायचे?

व्यवहारवादी आता हसेल. म्हणेल, सोने परत आले ते नीतीमुळे नव्हे; युरोपीय समुदायात गेलेल्या पोर्तुगालला भारताची बाजारपेठ हवी होती, भारताला युरोपात एक मित्र हवा होता. शांतिपर्वातच, पूजनीच्या गोष्टीला लागून, मांजर आणि उंदराची गोष्ट आहे: दोघांवर संकट येते तेव्हा मैत्री, संकट टळले की आपापले अंतर. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ याच बाण्याचे आहे. सावकार राज्याची शोभा म्हणून गौरवावे. पण टोपीकर, म्हणजे युरोपीय, हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, दिलीच तर आत द्यावी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इतके स्वच्छ पाहणारा ग्रंथ दुसरा क्वचितच सापडेल. हेतूंबद्दल व्यवहारवाद्याशी मी भांडणार नाही. हेतू मिश्रच असतात. पण नुसत्या हितसंबंधांवर केलेला समेट टिकतो, या त्याच्या गृहीताला मराठ्यांच्याच इतिहासात एक खणखणीत उत्तर आहे.

१७७२ मध्ये मराठी आरमाराने ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याच्या भरपाईसाठी आणि इंग्रजांविरुद्ध पोर्तुगीजांची मैत्री मिळावी म्हणून पुणे दरबाराने १७७९ च्या तहात वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे कबूल केले. नगर हवेलीतली ती गावे १७८३ पासून पोर्तुगीजांकडे गेली. पुणे दरबाराच्या दृष्टीने सौदा झकास होता: एका जहाजाच्या बदल्यात एका लांबच्या परगण्याचा वसूल. गावांतल्या वारली, कोकणा, धोडिया लोकांना कोणी विचारले नाही, आणि विचारावे असे त्या काळी कोणाच्या डोक्यातही आले नसते. पण तो हिशेब १७५ वर्षांनी परत आला. १९५४ नंतर पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि मराठ्यांनी दिले होते ते राज्य की नुसता महसूल, यावर जगातले नामांकित वकील पुण्याच्या जुन्या तहनाम्याचा कीस पाडू लागले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिलेला हक्क महसुलाचा होता, सार्वभौमत्वाचा नव्हे. ते पुढे इंग्रजांच्या काळात मान्य होत गेले. माणसे आणि माल नेण्याची वहिवाट पोर्तुगालला होती, फौज आणि शस्त्रे नेण्याची नव्हती, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही. कायदेशीरदृष्ट्या भारताला हायसे वाटले. मला मात्र या खटल्यात व्यवहारवादाचा पराभव दिसतो. दोन राज्यांनी आपापसात चोख केलेला हिशेब तिसऱ्याच्या, म्हणजे त्या गावकऱ्यांच्या, मालमत्तेतून फेडला होता, आणि म्हणूनच तो कधी मिटला नव्हता.

याच्या उलट टोकाचा आक्षेप बहिष्कारवाद्यांचा आहे: न्याय पूर्ण होईपर्यंत व्यापार नको, टपाल नको, जाणेयेणे नको. भारताने १९५५ पासून गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा विचार हाच होता. रेल्वे थांबली, मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांना घरी पैसे पाठवणे दुरापास्त झाले, बांदा-सावंतवाडीच्या सीमेवरची जुनी बाजारहाट मोडली. त्याच काळात गोव्याच्या खाणींतले लोखंड जपानला जात होते आणि खाणमालकांची भरभराट चालली होती. ज्याला शिक्षा करायची तो लिस्बनला बसला होता. शिक्षा झाली ती मनिऑर्डरची वाट पाहणाऱ्या म्हातारीला. बहिष्कार नेहमीच चुकीचा असे मी म्हणत नाही; गुन्हा चालू असताना त्याला हत्यारे आणि पैसा पुरवू नये, हे साधे कर्तव्य आहे. पण दुसऱ्याचे न्याय्य देणे ओलीस धरणे वेगळे. महाराष्ट्रात हा मुद्दा काढला की ५५ कोटींची आठवण होणे अटळ आहे. फाळणीच्या वाटणीतली ती पाकिस्तानची रक्कम काश्मीरच्या लढाईमुळे अडवली होती. गांधीजींचे उपोषण १३ जानेवारी १९४८ ला सुरू झाले आणि १५ तारखेला सरकारने ती देण्याचे ठरवले. त्यावर इथे काय काय बोलले गेले आणि पुढे काय झाले ते सांगायला नको. ती रक्कम मैत्रीची बक्षिसी होती असे समजणाऱ्यांना संताप यावा हे साहजिक होते. पण ते आपणच मान्य केलेले देणे होते. ठेवीचा मालक शत्रू झाला म्हणून ठेव आपली होत नाही. वेळ योग्य होती का, यावर आजही वाद घालता येईल. देणे होते का, यावर घालता येत नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र राहिलाच. पाप वारशाने येत नाही म्हणता, तर मग कीर्ती कशी येते? वास्को द गामाच्या आगमनाची पाचशे वर्षे १९९८ मध्ये पोर्तुगालने अभिमानाने मिरवली आणि गोव्यात त्यावरून चांगलेच वादळ उठले. पूर्वजांचा पराक्रम आपला म्हणणाऱ्याला त्यांचे अत्याचार परके म्हणता येत नाहीत, हे मला मान्य करावे लागते. गोव्यातल्या अडीचशे वर्षांच्या ‘इन्क्विझिशन’ला, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाला, सोडून गामा तेवढा घ्यायचा, हा सोयीचा वारसा झाला. पण तरीही ही कबुली समेटाची पूर्वअट होऊ शकते का? सप्टेंबर २०२२ मध्ये पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियु कोश्ता, ज्यांचे वडील गोव्याच्या घराण्यातले, त्यांनी मापुतोमध्ये मोझांबिकच्या लोकांची विरियामूच्या १९७२ च्या कत्तलीबद्दल क्षमा मागितली. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर ४७ वर्षांनी. मधल्या साऱ्या काळात दोन देशांत वकिलाती होत्या, व्यापार होता, विद्यार्थी जात-येत होते. क्षमायाचनेसाठी संबंध थांबले असते तर ती कदाचित कधीच झाली नसती, कारण कोणासमोर मागायची तो माणूस समोर यायलाच हवा. समेट क्षमेचे फळ नसतो. तो फार तर तिला जागा करून देतो.

देणे फेडण्याचे हे तत्त्व मी पोर्तुगालला लावले. ते उलटे आपल्याकडेही वळते. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा, भीमाशंकरची घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा या वसईच्या मोहिमेतून आल्या असे मानले जाते. त्या मूळच्या चर्चच्या. आपण त्यांच्याकडे विजयाच्या खुणा म्हणून पाहतो, आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेबद्दल अभिमान बाळगण्यात मला काही गैर दिसत नाही. युद्धात जिंकलेली वस्तू आणि विश्वासाने ठेवलेली ठेव यांत फरक आहे, असे उत्तर देता येते, आणि त्या काळच्या युद्धधर्मात ते बसते. पण ते पुरत नाही, कारण लिस्बनच्या बँकेनेही युद्धाचीच सबब सांगितली असती. मला वाटते, प्रश्न वस्तू कशी गेली याइतकाच, ती मागायचा हक्क कोणाचा याचा आहे. तो लिस्बनचा नाही. ज्यांच्या गावातल्या चर्चवर त्या घंटा होत्या ते लोक कुठे गेलेले नाहीत. ते वसईतच आहेत, सामवेदी आणि वाडवळ बोली बोलतात, मराठीत प्रार्थना करतात, मराठीत लिहितात. १७३९ मध्ये पोर्तुगीज सैन्य शस्त्रांसह, मानाने बाहेर पडले आणि निघून गेले. हे लोक मात्र मराठ्यांची प्रजा होऊन राहिले. म्हणजे त्या घंटांचा हिशेब दोन देशांमधला नाहीच, महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचा दुसऱ्या जिल्ह्याशी आहे. वसईकरांनी उद्या तो मांडला, तर त्यांना पोर्तुगालच्या वकिलातीकडे बोट दाखवता येणार नाही, आणि तो आपल्या वतीने कोणी केव्हाच मिटवला आहे असेही सांगता येणार नाही.